घरोघरी अनंताच्या कुंड्या

"अनंत दोन दिवसांपासून पिवळा पडलाय गं. काही घेतच नाहीये. अंगावर पांढरं पांढरं उठलंय, रात्री बसून स्पिरिटच्या बोळ्याने सगळा पुसून काढला. हे म्हणाले, जाऊ दे आता, वय झालं त्याचं. पण मी बजावलंय, यंदाच्या पावसाळ्यातही काही केलं नाहीस ना, तर सरळ कचऱ्याच्या गाडीत घालीन!"

सकाळची बोरीवली–चर्चगेट फास्ट, लेडीज डबा. फोनवर बोलणाऱ्या बाई खिडकीपाशी आणि उरलेल्या डब्याचे कान बाईंपाशी. एकीच्या हातातली जपमाळ थांबली. दुसरीचा गवार निवडणारा हात हवेतच राहिला. कोण हा अनंत? सासरा? दीर? आजारी माणसाबद्दल असं कुणी बोलतं? तेही चारचौघींत? कचऱ्याच्या गाडीत घालीन म्हणे! कलियुग म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

तेवढ्यात समोरच्या बाकावर इतका वेळ डोळे मिटून बसलेल्या आजींनी एक डोळा उघडला. "पिठ्या ढेकूण असणार. नुसतं पुसून काय होतंय? निंबोळी तेल फवारा. आणि मोहरीची पेंड बेताने घालता की ओतता?"

झालं. डब्याला कंठ फुटला. अंधेरी येईपर्यंत सात उपाय निघाले, त्यातले चार एकमेकांच्या विरुद्ध. दोघींनी फोन नंबर घेतले. तिसरीने पर्समधून ओल्या फडक्यात गुंडाळलेली वीतभर फांदी काढून चौथीला दिली, ती अशा नजरेने की विमानतळावरचे सोन्याची बिस्किटं आणणारेही लाजावेत. आणि या सगळ्यात एका बाईने तरी विचारावं ना, अहो, पण अनंत कोण? कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. आता खोटं कशाला बोला, आपल्यालाही ठाऊक होतं.

तर अनंत. गर्द हिरवी, तेल लावून पुसल्यासारखी चकचकीत पानं, बारा महिने पानांनी भरलेलं कमरेएवढं झुडूप, आणि उन्हाळा सरता सरता त्यावर उमलणारं ते पांढरंशुभ्र, लोण्यातून कोरल्यासारखं फूल. नर्सरीवाला भय्या त्याला 'गंधराज' म्हणतो. इंग्रजी माध्यमातली मुलं 'गार्डेनिया' म्हणतात. कोलकात्याहून बदलून आलेल्या शेजाऱ्यांकडे 'गंधराज' म्हणालात तर ते फुलाऐवजी लिंबू पुढे करण्याची शक्यता आहे, कारण त्यांच्याकडे त्या नावाचं एक वासाचं लिंबूही असतं आणि बंगाली माणूस फुलापेक्षा जेवणाकडे लवकर वळतो. आपल्याकडे मात्र तो अनंतच. एकवचनी, पुल्लिंगी, घरातला.

आणि हल्ली घरातल्या सर्वांहून वरचढ!

सुरुवात कुठून झाली, हे आपण सगळे जाणतो आणि कुणीच कबूल करत नाही. २०२० च्या टाळेबंदीत आपण आधी डालगोना कॉफी घुसळली, मग घरी पाव भाजले, मग भांडी घासता घासता वैराग्य आलं आणि शेवटी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात कोथिंबीर पेरली. कॉफी सुटली, पाव सुटला, वैराग्य तर कामवाल्या बाई परत आल्या त्याच दिवशी सुटलं. कुंडी मात्र चिकटली. कोथिंबिरीवरून पुदिना, पुदिन्यावरून मनी प्लांट, मनी प्लांटवरून जास्वंद आणि जास्वंदीवरून थेट अनंत. व्यसन असंच चढत जातं, असं शाळेत शिकवलं होतं. तेव्हा आपलं लक्ष नव्हतं. आणि गंमत बघा, कॉफी सुटली म्हणतो खरं, पण हा अनंत वनस्पतिशास्त्रात कॉफीच्याच कुळातला. भावकीच ती! एक गेली आणि तिचा चुलतभाऊ गॅलरीत येऊन बसला.

आता या पाहुण्याची कुंडली मांडा म्हणजे कळेल किती पोहोचलेलं प्रकरण आहे ते. मूळचा चीन-जपानकडचा. विलायतेत पोहोचला अठराव्या शतकात, आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपवरून आलेल्या जहाजातून; म्हणून तिथल्या लोकांनी नाव ठेवलं 'केप जास्मिन'. केपचा नाही आणि जाईजुईच्या घराण्यातलाही नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! पुढे लिनिअसने त्याला शास्त्रीय नाव दिलं ते गार्डेनिया. आपल्याला वाटतं, गार्डनमध्ये लावतात म्हणून. कसलं काय! अमेरिकेतल्या चार्ल्सटन गावात अलेक्झांडर गार्डन नावाचे एक स्कॉटिश डॉक्टर होते, झाडाझुडपांचा नाद असलेले. त्यांचे लंडनमधले मित्र जॉन एलिस यांनी लिनिअसच्या मागे लकडा लावला की एखाद्या झाडाला आमच्या डॉक्टरांचं नाव द्याच. म्हणजे ओळखीपाळखीचा वशिला अठराव्या शतकातही चालत होता, आपल्या कमिटीनेच काही तो शोधून काढलेला नाही.

त्याहून खमंग गोष्ट पुढेच आहे. ज्या इंग्रज गृहस्थाच्या उबदार काचघरात हे झाड विलायतेत फुललं, त्या रिचर्ड वॉर्नरचं नाव एलिसला आधी द्यायचं होतं. वॉर्नर म्हणाला, नको. विश्वास बसतो? एका झाडाला कायमचं आपलं नाव लागणार आहे आणि माणूस नको म्हणतो! आमच्या सोसायटीत ए-विंगच्या जिन्याखाली ठेवलेल्या फुटक्या कुंडीवरही 'फ्लॅट ७०३ यांच्या सौजन्याने' अशी चिठ्ठी आहे, तीही लॅमिनेट केलेली.

आणि जपान्यांचं ऐका. त्यांनी या झाडाला नाव ठेवलं 'कुचिनाशी'. म्हणजे तोंड नसलेला. कारण त्याचं फळ पिकलं तरी उकलत नाही, तोंड उघडत नाही. झाड मुकाट्याने राहत असेल हो. झाडवाल्यांचं काय? एक अनंत लावलेला माणूस दाखवा ज्याला तोंड नाही! लिफ्टमध्ये तळमजल्यापासून बाराव्या मजल्यापर्यंत जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात आपल्याला कळ्यांची संख्या, काल गळालेल्यांची संख्या, गळण्याची तीन कारणं आणि पुढच्या आठवड्याचं खतपाण्याचं वेळापत्रक ऐकावं लागतं. लिफ्ट मध्येच अडकली तर फोटोही बघावे लागतात. एकाच कळीचे. सोमवारचा, मंगळवारचा, बुधवारचा. "फरक दिसतोय ना?" दिसतोय की. बुधवारी उजेड जरा बरा होता.

आता बाटग्यांची कडवी जात घ्या, म्हणजे काल बाटले आणि आज कीर्तन करू लागले, ते. आमच्या इमारतीत एक निवृत्त बँकवाले काका आहेत. आयुष्यभर कुंड्यांविरुद्ध लढले. वरच्या मजल्यावरून पाणी ठिबकतं, वाळत घातलेल्या पांढऱ्या लेंग्यावर मातीचे डाग पडतात, छज्ज्यावरची कुंडी डोक्यात पडून माणूस जाईल, असे त्यांचे अर्ज सोसायटीच्या फायलीत अजून आहेत, अक्षर मोत्यासारखं. मग एका मे महिन्यात सुनेने कौतुकाने एक रोप आणलं आणि ऑफिसच्या कामाला बंगळुरूला गेली. पंधरा दिवस पाणी घालायचं काम काकांकडे. सोळाव्या दिवशी फूल उमललं. सतराव्या दिवशी काकांनी स्वतःहून दुसरं रोप आणलं. आज गॅलरीत अकरा आहेत, आणि प्रत्येकाचं खातं आहे, वहीत. जमा: गांडूळखत दोन मुठी. नावे: कळ्या तीन, गळाल्या. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी परवा ठिबकणाऱ्या पाण्याची तक्रार केली तर काका म्हणाले, "वहिनी, ते खताचं पाणी आहे. भाग्य समजा." ऐकलंत? भाग्य समजा! आणि वहिनी तरी काय कमी? त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्या ठिबकण्याखाली आपली कुंडी सरकवली.

अंधेरीला एक भाचा आहे, कॉम्प्युटरवाला. स्वतःच्या रक्तातली साखर त्याने कधी मोजली नाही, पण मातीचा आंबटपणा मोजायचं यंत्र मागवून घेतलंय. घाटकोपरला एका घरात नवरीमुलगी दाखवायच्या कार्यक्रमात मुलाच्या आईने विचारलं म्हणे, "स्वयंपाक शिकेल हो पुढेमागे, कलम बांधता येतं का?" खरं-खोटं देव जाणे, आपण ऐकलं तसं सांगितलं. घाटकोपर ते वर्सोवा मेट्रोमध्ये तर आता उभं राहायला जागा नसते ती माणसांमुळे नाही. माणूस एक असतो, त्याच्या कडेवर कुंडी असते आणि गर्दीतली बाकीची मंडळी तिला वाट करून देत असतात. गरोदर बाईला इतक्या लगबगीने कुणी जागा दिल्याचं आठवतंय का हो?

आणि बोरीवली विरुद्ध मुलुंड हा तर वेगळाच तमाशा. मधे शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान पसरलेलं आहे. साग म्हणू नका, पळस म्हणू नका, करवंदाच्या जाळ्या म्हणू नका, झाडांना काही तोटा? पण त्या जंगलाच्या या अंगाला बोरीवलीकर आणि त्या अंगाला मुलुंडकर, दोघे जंगलाकडे पाठ करून आपापल्या बारा इंची कुंडीत डोकं घालून बसलेत. मुलुंडच्या मावशी फोन करून सांगतात, "आमच्याकडे दहा फुलं आली." बोरीवलीची आत्या म्हणते, "आमच्याकडे अकरा, पण कालची मोजली नाहीत." मुलुंडला उपनगरांचा राजकुमार म्हणायची जुनी पद्धत आहे, म्हणून मावशींना वाटतं गंधराजावर पहिला हक्क त्यांचाच. आता राजकुमाराला समजवायचं कुणी?

पण खरी मजा औषधोपचारांत आहे. अनंत हा नाजूक प्रकृतीचा, जरा लाडावलेला जीव. त्याला आंबट माती लागते. माती जरा खारी-चुनखडी झाली की त्याला लोह घेता येत नाही आणि पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. भातसा-वैतरणेचं नळाचं पाणी त्याला मानवतं; उन्हाळ्यात टँकर आला किंवा बोअरचं जड पाणी घातलं की तब्येत बिघडलीच. बस, एवढंच कारण आणि त्यावर आख्खं उपनगर वैद्य झालं! कुणी चहाचा चोथा घालतं. कुणी मातीत गंजके खिळे पुरतं. कुणी हिराकस आणतं, कुणी तुरटी फिरवतं, कुणी तांदळाचं धुवण, कुणी केळीच्या सालींचं तीन दिवस कुजवलेलं पाणी, ज्याच्या वासाने अनंताचा सुगंध सोडा, घरातला माणूसही गॅलरीत उभा राहत नाही. एका घरात सकाळच्या चहासाठी पावडर शिल्लक नव्हती. चोथा हवा म्हणून आदल्या रात्री नुसतीच उकळली होती! पाहुण्यांना लिंबू सरबत दिलं. लिंबाची सालं अर्थात कुंडीत.

आणि ताक! या शहरात ताकाला एवढी प्रतिष्ठा कढीच्या जन्मापासून मिळाली नसेल. आंबट ताक पातळ करून महिन्यातून एकदा घालावं, असं एका आजींनी सांगितलं. महिन्यातून एकदाचं आठवड्यातून एकदा झालं, आठवड्याचं रोज झालं. डेअरीवाल्याला वाटतं या इमारतीत सगळ्यांना एकदम पित्त झालंय. वर पुन्हा बायका ते उघड नेत नाहीत. 'मी काही त्यातली नाही हं' असा चेहरा करून, पदराआड तांब्या धरून गॅलरीकडे निघतात. ताकाला जाऊन भांडं लपवणं ही म्हण आपण शाळेत वाक्यात उपयोग करायला शिकलो होतो. जीवनात उपयोग होईल असं कुणाला वाटलं होतं?

एवढं सगळं करून तो फुलतो का? तर त्याच्या मर्जीने. कळी येते ती घट्ट मिटलेल्या छत्रीसारखी, पीळ भरलेली, हिरवट. आठ दिवस, दहा दिवस तशीच. घरात कुजबुजत बोलायचं. खिडकी जोरात लावायची नाही. आणि मग एका सकाळी ती देठापासून गळून पडलेली. पाणी कमी झालं, पाणी जास्त झालं, ऊन लागलं, ऊन लागलं नाही, कुंडी हलवली, कुंडी हलवली नाही. मालाडच्या एका बाईंनी तर नणंदेच्या नजरेवर ठपका ठेवला आणि कुंडीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. हसताय? मोहऱ्या ओवाळून मातीतच टाकल्या होत्या त्यांनी. पुढच्या आठवड्यात कळी टिकली. आता त्यांच्या मजल्यावर कुणी हसत नाही.

मे महिन्यात गावाला जायचं म्हटलं तर घराघरांतून एकच प्रश्न: अनंताला पाणी कोण घालणार? म्हातारे सासू-सासरे एकटे राहतील, मुलं आजोळी जातील, मांजर शेजारी जेवेल, पण अनंत? एकांनी वॉचमनला किल्ली दिली. दुसऱ्यांनी सलाइनची नळी लावून बाटली उलटी टांगली. तिसरे आंबे सोडून तिसऱ्याच दिवशी देवगडहून परत आले. देवगडहून! हापूस टाकून! यापुढे माणसाच्या बुद्धीबद्दल काही बोलायचं शिल्लक राहतं का?

आणि फुललाच, तर मग विचारू नका. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. अनंत फुलला की सगळ्या जिन्याला कळतं. पहिल्या दिवशी पांढरा, मग सायीसारखा, मग हळदीच्या दुधासारखा पिवळसर. पाकळीला बोट लावलंत की तिथे तपकिरी डाग. म्हणून शहाण्या माणसाने हात लावू नये. पण 'हात लावू नका' म्हटल्यावर हात न लावणारा मराठी माणूस आपण अजून पाहायचा आहे. फुगलेल्या अभिमानाने घरमालकीण ते फूल काचेच्या वाटीत पाण्यावर ठेवते, वाटी फ्रीजवर ठेवते आणि दिवसभर कुणी ना कुणी पाणी प्यायच्या निमित्ताने येत राहतं. अख्ख्या मजल्याला अशी तहान याआधी कधी लागली होती?

या वेडात आपण एकटे नाही, एवढंच समाधान. तिकडे अमेरिकेत बिली हॉलिडे नावाची थोर गायिका केसांत गार्डेनिया माळून रंगमंचावर उभी राहायची. ते फूल तिची ओळखच बनलं. हॅटी मॅकडॅनियल १९४० साली 'गॉन विथ द विंड'साठी ऑस्कर घ्यायला गेली, पहिली कृष्णवर्णीय ऑस्कर विजेती म्हणून, तेव्हा तिच्याही केसांत गार्डेनिया होता. फ्रान्सच्या शनेल कंपनीने १९२५ मध्ये या नावाचं अत्तर काढलं. पण अत्तरवाल्यांना हे फूल आपला अर्क सहजासहजी काढू देत नाही. बाटलीवर गार्डेनिया लिहिलेलं असतं, आत बहुतेक वेळा दुसऱ्याच वासांची जुळवाजुळव असते. म्हणजे जगभरच्या श्रीमंतांना जे बाटलीत भरता आलं नाही, ते आपल्या आज्या मानेवरच्या अंबाड्यात खोचून भाजी आणायला जात होत्या. एक फूल, एक आकडा. खर्च शून्य.

बाकी सुगंधातही पंथ पडलेत हं. अनंतवाले मोगरेवाल्यांना हलकं लेखतात: "मोगरा काय, वसई-पालघरहून टोपल्या भरून दादरला येतो." मोगरेवाले म्हणतात, "निदान येतो तरी." कुंतीवाले दोघांना बाजूला सारून सांगतात, पाऊस पडून गेल्यावर आमची एकदम बहरते, लेकरासारखे लाड करावे लागत नाहीत. तिला नर्सरीत मधुकामिनी म्हणतात, आणि नाव बदललं की भाव वाढतो, हे आपल्याला घरांच्या जाहिरातींवरून ठाऊकच आहे. उरली रातराणी. ती मुळात वेस्ट इंडीजकडची, पण आल्याबरोबर आपण तिच्यावर सापाचा आळ घेतला. रातराणी लावली की साप येतो म्हणे. चौदाव्या मजल्यावर? लिफ्टने? बोरीवलीत खरोखरचा बिबट्या रात्री कंपाउंडच्या भिंतीवरून फेरी मारून जातो, त्याचा व्हिडिओ आपण कौतुकाने दहा जणांना पाठवतो, आणि घाबरतो कशाला, तर कुंडीतल्या रातराणीच्या न आलेल्या सापाला!

आता जरा इकडे कान करा. सगळ्यांत मोठी लफडी घरातल्या कुंड्यांची नाहीतच. ती आहेत सोसायटीच्या अनंताची.

आमची इमारत जुनी होती तेव्हा तळमजला आणि वर तीन मजले. फाटकाशेजारी, पाण्याच्या टाकीला टेकून एक अनंत होता. कुणी लावला ठाऊक नाही. त्याला ताक कुणी दिलं नाही, खिळे पुरले नाहीत, फोटो काढले नाहीत. मुलं त्याच्यात क्रिकेटचा बॉल हरवायची, बायका सहज हात घालून फूल खुडायच्या, शाळेत बाईंना द्यायला पोरी परकराच्या ओच्यात घेऊन जायच्या. पावसाळ्यात एवढा फुलायचा की खाली पडलेली फुलं झाडूवाल्या मावशी कुरकुरत लोटायच्या. मग पुनर्विकास आला. एका सकाळी जेसीबी फाटकातून आत शिरला तो टाकीवरून आणि अनंतावरून एकदमच गेला. आपण त्या सकाळी कुठे होतो? नव्या फ्लॅटचा कार्पेट एरिया मोजत होतो. अडीच फूट कमी भरतोय म्हणून बिल्डरशी भांडत होतो. तेवढं एकच भांडण झालं त्या दिवशी.

तर त्या फुकटच्या अनंताची भरपाई म्हणून आता आपण दीड-दोनशे रुपये मोजून, घामाघूम होऊन, मेट्रोतून कडेवर घेऊन अठराव्या मजल्यावर अनंत नेतो आणि त्याला वारा मानवत नाही म्हणून रडतो. असो. बिल्डरने पोडियमवर नियमाप्रमाणे बाग केली. पाम लावले, कुंतीचं कुंपण लावलं आणि एका कोपऱ्यात, चुकून असेल, एक अनंत लावला. पोडियमची माती काय मिळाली कुणास ठाऊक, तो असा फुलला, असा फुलला की अकरा कुंड्यांवाल्या काकांनी दोन दिवस जेवण सोडलं.

आणि मग फुलं गायब होऊ लागली.

रात्री दहाला मोजलेल्या सहा कळ्या सकाळी सहाला शून्य. ग्रुपवर पहिला संदेश 'कृपया', दुसरा 'वारंवार सांगूनही', तिसरा थेट 'समाजकंटक'. संशय आधी माळ्यावर, मग सकाळच्या पेपरवाल्यावर, मग शाळेच्या बसला उभ्या राहणाऱ्या मुलांवर, आणि हे तिघे निर्दोष ठरल्यावर नाइलाजाने एकमेकांवर. चोरीचं रोप चांगलं जगतं, हे आपण मनी प्लांटच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या मानत आलोय. पण चोरीचं फूल? देवाला वाहायला चोरलेलं चालतं की नाही, यावर तर स्वतंत्र वाद झाला. दोन पक्ष पडले. दोन्ही पक्षांकडच्या देव्हाऱ्यांत त्या आठवड्यात अनंत होता, हे सांगायला नकोच.

शेवटी कमिटीने ठराव केला: पोडियमवरच्या कॅमेऱ्याचं आठवडाभराचं चित्रण सगळ्यांसमोर पाहायचं. रविवारी सकाळी, सोसायटीच्या ऑफिसात, चहासह. गर्दी एवढी की वार्षिक सभेला कधी कोरम पूर्ण होत नाही तिथे माणसं दारात उभी. सेक्रेटरीसाहेबांनी घसा साफ केला, बटण दाबलं.

सोमवार, पहाटे पाच दहा. चालायला निघालेले चेअरमन. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, फूल खिशात. मंगळवार, पाच वीस. 'समाजकंटक' हा शब्द ज्यांनी लिहिला होता त्या सी-विंगच्या मॅडम; दोन फुलं, एक केसांत, एक पर्समध्ये. बुधवारी बँकवाले काका, हातात कात्री, वही काखेत. फूल सोडलं, तीन फांद्या नेल्या, कलमासाठी. गुरुवारी खालच्या वहिनी. शुक्रवारी देवाचं फूल चोरू नये, असं बजावणारे गृहस्थ, आणि सोबत त्यांना उंचावरची फांदी वाकवून देणारा वॉचमन. खोलीत कुणी बोलेना. चहाचा घोट घशाखाली उतरल्याचा आवाज ऐकू येत होता. आणि त्या शांततेत सगळ्यांना एकाच वेळी जाणवलं की खोलीत अनंताचा वास येतोय. रविवारचीही फुलं गेली होती तर!

राहिला शनिवार. पहाटे चार पन्नास. अंधार, डोक्यावरून ओढणी घेतलेली एक आकृती, पाठमोरी. कोण ते काही केल्या ओळखू येईना, आणि ओळखू येऊ नये म्हणून आपण मनातल्या मनात कुलदैवताला नारळ बोललो. त्या आकृतीने एक फूल खुडलं. मग, बहुधा लाज वाटून असेल, पदराआडून तांब्या काढला आणि झाडाच्या बुंध्याशी हळूच ओतला. ताक! चोरी करून वर मोबदला! तेवढ्यात कुठेतरी दार वाजलं आणि आकृती तांब्या तिथेच टाकून पळाली.

सेक्रेटरीसाहेबांनी टीव्ही बंद केला. 'तांत्रिक कारणास्तव चित्रण अस्पष्ट असल्याने विषय निकाली' असं इतिवृत्तात लिहायचं एकमताने ठरलं. आमच्या सोसायटीच्या इतिहासातला हा पहिला एकमताचा ठराव. मंडळी उठली, खिशावर, पर्सवर हात दाबत पांगली.

सगळं सुखरूप पार पडलं असं वाटून आपणही उठलो. दारापाशी काकांनी गाठलं. हातात स्टीलचा तांब्या, धुऊन पुसून लख्ख केलेला. "हा तुमचा," म्हणाले, "आणि ताक जरा जास्त पातळ करत जा."

आपण म्हणणार होतो, छे, आमचा कुठला! पण लग्नातली भांडी. कडेला नाव कोरलेलं असतं.